गोरक्षनाथने सांगितलेली किंमत

नगरच्या कलेक्टर कचेरीसमोर लिंबाखाली मी गेली एकतीस वर्षं अर्ज लिहीत बसतो. टाइपरायटर गेला, लॅपटॉप आला. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा छापून ठेवलेले माझे दोन हजार नमुने एका दिवसात रद्दीत गेले. लोकांच्या मागण्या मात्र होत्या त्याच राहिल्या. माझं नाव बन्सी, आणि हत्याराच्या परवान्याचे अर्ज ही माझी खासियत. अर्जदाराच्या जिवाला धोका आहे असं मी इतकं मन लावून लिहितो की वाचताना त्याला स्वतःलाच घाम फुटतो. खरं तर शंभरातल्या नव्वदांच्या वाटेला कुणी जात नसतं. वरातीत नाचताना सदरा वर सरकावा आणि कमरेचं लोकांना दिसावं, एवढीच त्यांची इच्छा असते.

या धंद्यामुळे माझी गोरक्षनाथशी गाठ पडली. ही गोष्ट त्याची आहे. सांगता सांगता मी त्याला चार शिव्या दिल्या तर चालवून घ्या. त्याच्या तोंडावर दिलेल्या आहेत, तुमच्यासमोर द्यायला काय हरकत आहे?

कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत बंदुकांचं एक जुनं दुकान आहे. मालकांची तिसरी पिढी गल्ल्यावर बसून मोबाईल बघते आणि आतल्या खोलीत गोरक्षनाथ काम करतो. गाव त्याचं पाथर्डीकडचं. आईबाप दर साल ऊसतोडीला जायचे, आणि हा जन्मला तोसुद्धा श्रीगोंद्याच्या फडावर, पाचटाच्या कोपीत. सोळाव्या वर्षी कोयता टाकून नगरला आला आणि दुकानातल्या म्हाताऱ्या उस्तादांच्या हाताखाली राहिला. उस्तादांनी त्याला बंदूक खोलायला शिकवली, जोडायला शिकवली, आणि एक सवय लावली. दुरुस्त केलेल्या प्रत्येक हत्याराच्या मुठीच्या आत, बाहेरून दिसणार नाही अशा जागी, आपल्या नावाचं पहिलं अक्षर आणि साल कोरायचं. उद्या काम बिघडलं तर कुणाचा कान धरायचा हे कळलं पाहिजे, असं ते म्हणायचे. उस्ताद गेल्यावर त्यांची कानस, त्यांचा खण असलेला कामाचा पाट आणि ही सवय गोरक्षनाथकडे आली. सगळे त्याला मिस्तरी म्हणतात.

पण त्याचं नाव झालं ते किंमत सांगण्यात. जुनं हत्यार विकायचं म्हटलं की विकणारा आभाळाला हात लावतो आणि घेणारा जमीन सोडत नाही. मग दोघं मिळून गोरक्षनाथकडे यायचे. तो आधी हत्यार रिकामं आहे ना ते तीनदा बघायचा. मग चष्मा काढून ठेवायचा. पारख करणारा माणूस चष्मा काढतोय हे बघून नवं गिऱ्हाईक बावचळायचं. तो डोळे मिटायचा आणि नळीवरच्या अक्षरांवरून उजवा अंगठा फिरवायचा.

"अक्षरं बोटाला टोचली पायजेत," तो म्हणायचा.

विलायतेच्या कारखान्यात ठोकलेल्या अक्षरांच्या कडा शंभर वर्षांनीही अंगठ्याला लागतात. कुणी हत्यार घासून चकचकीत केलेलं असलं तर कडा मरतात आणि अंगठा साबणावरून जावा तसा सरकतो. त्यानंतर चष्मा लावून तो बाकीचं बघायचा. स्क्रूच्या खाचा, लोखंडावरची मूळची निळसर झाक, गोळ्यांच्या चक्रीवरचा नंबर आणि सांगाड्यावरचा नंबर एकच आहे का. शेवटी एकच आकडा सांगायचा. राहुरीकडचे एक मोठे बागाईतदार एकदा दुनळी घेऊन आले. कुठल्या तरी राजाने आमच्या आजोबांना बक्षीस दिली, असं म्हणाले. गोरक्षनाथने अंगठा फिरवला आणि म्हणाला, "राजाची न्हाई. राजाच्या शिपायाची बी न्हाई. एकोनीसशे अठ्ठावन सालची हाय, आन् एक घोडा बदललाय." बागाईतदार तणतणत गेले. महिन्याने त्याच आकड्याला दुनळी विकून गेले.

त्याचे नियम दोनच. हत्यार हातात घेतल्याशिवाय आकडा सांगायचा नाही, हा पहिला. दुसरा त्याने स्वतःच्या हाताने पाटीवर रंगवून भिंतीला लावला होता: 'हत्याराला हळदकुंकू लावू नये. तसबिरीला लावावे.' आपल्याकडे खंडेनवमीला घरातलं सगळं लोखंड पुजतात. कोयता, विळा, ट्रॅक्टर, शिलाई मशीन, आणि परवाना असला तर बंदूकसुद्धा. दुधापाण्याने आंघोळ घालायची, बोटभर हळदकुंकू थापायचं, झेंडू वाहायचा, आणि दसरा झाला की तसंच फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवायचं. ते ओलं हळदकुंकू वर्षभर लोखंड खात बसतं. मग डाग पडतात, आणि माणूस ते घेऊन दुकानात येतो, मिस्तरी, जरा पॉलिश मारून द्या. जुन्या हत्यारांचे शौकीन पॉलिश मारलेल्या हत्याराला हात लावत नाहीत. हे नगरला कळायला उशीर झाला. गोरक्षनाथने पाटी लावली ती २००६ साली. त्याआधी तो काय करत होता, हे मी त्याला कधी विचारलं नव्हतं.

मुक्ताबाई माझ्या लिंबाखाली पहिल्यांदा आल्या त्याला आता आठ वर्षं होतील. मिरजगावच्या. ठेंगण्या, वाळलेल्या, बोलायच्या आधी पदर सावरणाऱ्या. त्यांचा नवरा सहादेव श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात पहारेकरी होता. पगाराची रोकड बँकेतून आणायची असली की जीपमध्ये हाच बसायचा. कारखान्याचे चीफ इंजिनियर एक पारशी साहेब होते. १९८३ साली निवृत्त होऊन मुंबईला निघाले तेव्हा त्यांनी आपलं रिव्हॉल्व्हर रीतसर, परवाना नावावर करून, नाममात्र पैशात सहादेवला दिलं. बर्मिंगहॅमला घडलेलं, स्वातंत्र्याच्या आधीचं. जाताना म्हणाले, सहादेव, विकायची घाई करू नकोस, तुझ्या म्हातारपणी यातून घर उभं राहील.

सहादेवने घाई केली नाही. कारखान्याच्या क्वार्टरमध्ये दोघांनी तीस वर्षं काढली. मूलबाळ झालं नाही. बरोबरीचे लोक प्लॉट घेत होते, बांधत होते, तेव्हा हे दोघं निवांत होते. "आपलं घर कपाटात हाय," असं मुक्ताबाई शेजारणींना सांगायच्या. नोकरी संपल्यावर मिरजगावला भावाच्या घरी आले आणि तीन वर्षांत सहादेव गेला. कायद्याप्रमाणे रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत जमा झालं, सीलबंद. मुक्ताबाईंना पेन्शन सुरू झाली महिना अकराशे.

घर आता पुतण्याचं, सुनीलचं. वाईट माणूस नाही असं गाव म्हणतं, म्हणू दे. मुक्ताबाईंची वळकटी ओसरीवर आणि एक पत्र्याची ट्रंक. एकदा त्या कर्जतला डोळे दाखवायला गेल्या. परत येतात तो ट्रंक उघडी आणि सहादेवचा गणवेशाचा कोट सालगड्याच्या अंगावर. "काकी, पडूनच हुता की," सुनील म्हणाला. त्यांनी ट्रंकेला कुलूप लावलं तर सून म्हणाली, घरातल्या घरात कुलूप म्हणजे आम्ही चोर का? त्यांनी कुलूप काढलं. हे मला सांगताना त्या रडल्या नाहीत, पण मला मात्र राग आवरेना. अर्जात हे लिहिता येत नाही, म्हणून राग जास्त.

त्यांना एकच हवं होतं, स्वतःची खोली. मिरजगावला हायवेलगत चांगुणाबाई म्हणून एक ओळखीची बाई होती, तिची पत्र्याची एक खोली, पुढे हातभर जागा. मुलाकडे पुण्याला जायचं म्हणून ती तिने अलीकडे विकायला काढली होती, साडेचार लाखाला. रिव्हॉल्व्हर विकून ती खोली घ्यायची, आपल्या दाराला आपलं कुलूप लावायचं, आणि किल्ली आपल्या कमरेला. सुनीलला रिव्हॉल्व्हर स्वतःच्या नावावर हवं होतं, फुकटात. त्याने हरकती घेतल्या. मी सात वर्षांत अकरा अर्ज लिहिले. गेल्या श्रावणात विक्रीची परवानगी आली तेव्हा मी मुक्ताबाईंना घेऊन तडक गोरक्षनाथच्या दुकानात गेलो.

"मिस्तरी, किती येत्याल?" त्यांनी विचारलं.

"वैनी, हातात घेतल्याबिगर मी सांगत न्हाई. ठान्यातून पार्सल यिऊ द्या."

इथे मी तोंड घातलं. माझी जीभ भाड्याने चालते, त्यामुळे फुकट चालवायची संधी मी सोडत नाही. "अरे, कागदावर मॉडेल आहे, नंबर आहे. बाई सात वर्षं थांबली. अंदाज तरी सांग."

त्याने परवान्याची झेरॉक्स चष्म्याजवळ धरली. नंबर वाचताना त्याचा चेहरा उजळला, मी पाहिलं. असली चीज जिल्ह्यात दुसरी नव्हती. "सहादेव," तो पुटपुटला, "नाव ऐकल्यावानी वाटतंय." मग मुक्ताबाईंकडे बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने आपला नियम मोडला. "मूळच्या अवस्थेत असंल, तर पाच-साडेपाच लाख. घेनारा मी बघतो."

त्यातलं 'असंल, तर' मुक्ताबाईंनी ऐकलं नाही. मीही ऐकलं नाही. त्या पायरी उतरताना मागे वळल्या, तोंडभर हसून म्हणाल्या, "लई जपलंय, मिस्तरी. आरशावानी लखलखतं."

गोरक्षनाथच्या हातातली झेरॉक्स जरा खाली आली. मी आनंदात होतो, माझ्या काही लक्षात आलं नाही. बसस्टँडकडे जाताना मुक्ताबाईंनी हार्डवेअरच्या दुकानासमोर मला थांबवलं आणि एक कुलूप घेतलं. चांगलं जाड, पितळी, दोन किल्ल्यांचं. त्याच संध्याकाळी चांगुणाबाईला त्यांनी शब्द दिला. दसऱ्यापर्यंत थांब, दुसऱ्याला देऊ नको.

गिऱ्हाईक मिळालं श्रीगोंद्याचं. कल्याणशेठ. दोन पेट्रोलपंप, चार जेसीबी, गळ्यात साखळी, आणि परवान्यावर आणखी एका हत्याराची जागा मोकळी. इंग्रजांच्या काळातलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. त्यांना हत्यारातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि ते तसं मोकळेपणाने सांगायचे. "मिस्तरी म्हनतील त्यो आकडा," ते म्हणाले. "साडेपाच म्हना, सहा म्हना. आपन घासाघीस करनार न्हाई."

भाद्रपदात एका मंगळवारी ठाण्याचा शिपाई पार्सल घेऊन आला. कल्याणशेठ गादीवर बसले. मुक्ताबाई दाराशी स्टुलावर, मांडीवर पिशवी धरून. मी विक्रीचे फॉर्म भरून तयार. शिपायाने लाखेचं सील फोडलं, मांजरपाटाचं फडकं सोडलं, आणि रिव्हॉल्व्हर बाहेर आलं.

लखलखत होतं खरंच. मधूनमधून पापुद्रा निघाला होता तेवढा सोडला, तर वरातीतल्या बँडच्या पिपाणीसारखं पांढरं चकचकीत. कल्याणशेठ खूश झाले. "आयला, चांदी हाय का काय!"

गोरक्षनाथने ते तीनदा उघडून रिकामं आहे ना बघितलं. चष्मा काढला. डोळे मिटले. अंगठा नळीवर ठेवला आणि पुढे नेला, आणि तो थांबला नाही, सरळ टोकापर्यंत गेला. पुन्हा मागे आणला. पुन्हा गेला. मग त्याने चष्मा लावला, बारीक स्क्रूड्रायव्हर घेतला आणि मुठीचा स्क्रू सोडवला. लाकडी पट्टी उचलून आत बघितलं. बराच वेळ बघत राहिला. पट्टी बसवली, स्क्रू आवळला.

तो काय बघत होता हे आम्हा कुणालाच दिसलं नाही. तो गप्प राहिला असता तर या जन्मात कुणाला कळलंही नसतं. समोर सहा लाख द्यायला बसलेला माणूस होता, त्याच्या एका शब्दावर. दाराशी बाई बसली होती. एवढं सोपं गणित मला आयुष्यात कधी मिळालं नाही.

"चाळीस हजार," गोरक्षनाथ म्हणाला.

मालकांच्या मोबाईलवर कुणीतरी विनोद सांगत होतं, तो त्यांनी बंद केला.

"हे घासलेलं हाय," तो कल्याणशेठकडे बघत म्हणाला. "चाकावर धरून घासलंय आन् वर निकेल चढवलंय. अक्षरं गेली, चक्रीवरचा नंबर गेला, मूळचा रंग गेला. सांगाड्यावरचा नंबर ऱ्हायलाय तेवढा. वापरायला म्हनून चाळीस हजार. जपून ठिवायला म्हनून कायबी न्हाई."

कल्याणशेठ उठले. चप्पल शोधत म्हणाले, "मग नको बुवा. लोक विचारत्याल केवढ्याला घेतलं. चाळीस हजार सांगू काय?" सहा लाखाला घेणारा माणूस ते चाळीस हजाराला घ्यायला तयार नव्हता. यावर हसायला पाहिजे, पण मला हसू आलं नाही. शिपायाने पोच घेतली आणि तोही गेला.

मुक्ताबाई तशाच बसून होत्या. त्यांनी विचारलं, "कुनी घासलं?"

"मी," गोरक्षनाथ म्हणाला.

मग त्याने सांगितलं, आणि खाली बघून सांगितलं. १९९७ साली दसऱ्याच्या आधी सहादेव आला होता. चौदा खंडेनवम्यांचं हळदकुंकू खाऊन हत्याराला डाग पडले होते. बायको दर साल मन लावून पुजते, डाग बघून तिचा जीव कासावीस होतो, नव्यासारखं करून द्या, असं म्हणाला होता. तेव्हा गोरक्षनाथला कुणी सांगितलं नव्हतं, आणि नगरमध्ये कुणाला माहीतही नव्हतं. त्याने दोन दिवस चाक चालवलं. बँडवाल्यांच्या वाद्यांना मुलामा देणारा एक जण होता, त्याच्याजवळ उभं राहून निकेल चढवून घेतलं. सहादेवने ते हातात घेतलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते बघून गोरक्षनाथने मजुरी घेतली नाही. मुठीच्या आत 'गो ९७' कोरलं आणि त्या कामाचा त्याला पुढे कितीतरी दिवस अभिमान वाटत होता.

मुक्ताबाईंनी सगळं ऐकलं. त्या ओरडतील असं मला वाटलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"त्यांना लई आवडलं हुतं," त्या म्हणाल्या. "रातच्याला सोताच काडून बघायचे." मग म्हणाल्या, "म्हंजी मीच लावलं न्हवं ते. हळदकुंकू."

"वैनी, तुमाला कुठं ठावं हुतं," गोरक्षनाथ म्हणाला. "घासलं मी."

त्याने आपले साठ हजार त्यांना देऊ केले. पोस्टात होते, त्याच्या आणि दगडाबाईच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, म्हातारपणाचे. मुक्ताबाईंनी मान हलवली. "तुमी त्यांच्याकडनं मजुरी घेतली न्हाई. मी तुमचं पैसं कशी घिऊ?" त्या उठल्या. पिशवी उचलताना आतलं कुलूप खणकन वाजलं. मी त्यांना स्टँडवर सोडायला निघालो, तर नको म्हणाल्या.

त्या गेल्यावर मी गोरक्षनाथवर तुटून पडलो. चहाच्या टपरीवर, चार लोकांसमोर. म्हटलं, हरिश्चंद्राची औलाद का तू? तो शेठ सहा लाख लग्नातल्या आतषबाजीत उडवतो, त्याचं काय वाकडं होणार होतं? म्हातारीला दार मिळालं असतं. तुझ्या खरेपणाने कुणाच्या घरात दिवा लागला?

तो ऐकून घेत होता. चहावर साय धरली होती. शेवटी म्हणाला, "दुसऱ्या कुनी घासलेलं असतं, तर बोललो असतो का खोटं, ते मला म्हाईत न्हाई, बन्सी. कदाचित बोललो असतो. पन ते माझं हुतं. खोटं बोललो असतो तर तिच्यासाठी बोललो का माझ्यासाठी, हे मलाच कळलं नसतं."

"तुला कळून काय करायचंय? तिला खोली मिळाली असती की."

"व्हय," तो म्हणाला. "मिळाली असती."

मी आजही म्हणतो तो चुकला. आणि उद्या मला काही विकायचं असेल तर मी दुसऱ्या कुणाकडे जाणार नाही. पण आता तसं जाताही येत नाही, कारण त्या मंगळवारनंतर त्याने किंमत सांगणं सोडलं. दुरुस्ती करतो, तेलपाणी करतो. कुणी आकडा विचारला तर पुण्याला दाखवा म्हणतो.

त्या रिव्हॉल्व्हरला चाळीस हजारालाही गिऱ्हाईक आलं नाही. कल्याणशेठने सगळीकडे बोभाटा केला होता. ते दुकानातच ठेवीवर राहिलं. चांगुणाबाईने पंधरा दिवस वाट बघितली आणि खोली एका टायरपंक्चरवाल्याला दिली. तिचाही इलाज नव्हता, मुलगा घाई करत होता. सुनीलने मात्र परवान्याचा अर्ज नेटाने पुढे रेटला. तो लिहून घ्यायला माझ्याकडेच आला होता. मी म्हटलं, लॅपटॉप बिघडलाय.

खंडेनवमीला दुकानात पूजा असते. पाटावर कोरं कापड, त्यावर हत्यारं ओळीने मांडलेली, आणि मागे देवीची तसबीर. हळदकुंकू सगळं तसबिरीला, लोखंडाला नुसती फुलं. मी दरवर्षी पेढ्यासाठी जातो. आरती व्हायच्या बेताला दारात मुक्ताबाई उभ्या. मिरजगावहून सकाळच्या गाडीने आल्या होत्या, हातात झेंडूची दोन फुलं आणि कागदाची पुडी. गेल्या महिन्याभरात त्या आणखी वाळल्या होत्या.

"घरात ह्या सालाला पुजायला कायबी न्हाई," त्या म्हणाल्या. "म्हनून आले."

गोरक्षनाथने आतून ते रिव्हॉल्व्हर आणलं आणि पाटावर सगळ्यांच्या पुढे ठेवलं. त्यांनी फूल वाहिलं. मग पुडी उघडली आणि भिंतीवरच्या पाटीकडे बघितलं. अक्षरओळख त्यांना जेमतेम, पण पाटी त्यांनी पूर्ण वाचली.

"मिस्तरी," त्या म्हणाल्या, "लावू का? आता काय बिघडायचं ऱ्हायलंय?"

गोरक्षनाथने रिव्हॉल्व्हर उचललं आणि दोन्ही हातांवर त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी नळीवर हळद लावली, कुंकू लावलं, सावकाश, जिथे एके काळी अक्षरं होती तिथे. मग पिशवीत हात घालून ते पितळी कुलूप काढलं. अजून वेष्टणात होतं, दोन्ही किल्ल्या दोऱ्याने बांधलेल्या. वेष्टण काढून ते त्यांनी पाटावर ठेवलं आणि त्यालाही बोट लावलं.

आरती झाली. पेढे वाटले. त्या दीडच्या गाडीला जायला निघाल्या. कुलूप पाटावरच राहिलं म्हणून गोरक्षनाथ ते घेऊन अनवाणी गल्लीत धावला. मी मागोमाग गेलो.

"वैनी, हे ऱ्हायलं."

त्यांनी ते हातात घेतलं नाही. "तुमच्याकडंच ठिवा," त्या म्हणाल्या. "तिथं नेलं तर सुनील ट्रॅक्टरच्या पेटीला लावील. दार झालं की नेते."

एकाहत्तर वर्षांची बाई. आम्ही दोघंही हो म्हणालो. त्या वळून स्टँडकडे चालायला लागल्या, आणि गर्दीत दिसेनाशा होईपर्यंत गोरक्षनाथ तसाच उभा होता.

कुलूप त्याच्या पाटाच्या खणात आहे. हळदकुंकवाचं बोट पितळेवर काळं पडून उमटलंय. दर महिन्याला तो ते काढतो, किल्ली फिरवून बघतो, भोकात तेलाचा एक थेंब सोडतो आणि परत ठेवतो. तो डाग मात्र त्याने अजून घासलेला नाही.